चौथा पिस्टन

१

"तेल किती घातलं होतं?" मी विचारलं.

"पन्नासाला एक, मामा. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

जावयांनी हे इतक्या झटकन सांगितलं की मला खात्रीच पटली, गडी खोटं बोलतोय. चाळीस वर्षांत माझ्याकडे होडीची जेवढी म्हणून जाम झालेली इंजिनं आली, त्यांतल्या एकाही मालकाने तेल कमी घातलेलं नव्हतं. सगळ्यांनी पन्नासाला एकच घातलेलं असतं. इंजिनं आपली हौस म्हणून जाम होतात.

या दोन स्ट्रोकच्या इंजिनाला तेल वेगळं घालत नाहीत, पेट्रोलमध्येच मिसळतात. कमी पडलं की पिस्टन सिलेंडरला कोरडा घासतो, तापून फुगतो आणि अडकतो. इतकी सोपी गोष्ट आहे, तरी कोणी ऐकत नाही.

जावयांनी इंजिन हातगाडीवरून आणलं होतं. मुलगी बरोबर होती, दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच. ती नर्स आहे. दर गुरुवारी लसींची पेटी घेऊन बेटावर जाते आणि जावई तिला होडीने नेतात. जायला अडीच तास, यायला अडीच तास. काल येताना धक्का दिसायला लागला आणि इंजिन बंद पडलं. मागून मासेमारीची मोठी बोट येत होती, तिने दोर टाकून ओढत आणलं.

"बंद पडल्यावर दोरी किती वेळा ओढलीत?"

"दोनदा. मग बोटच आली."

"बाबा, गुरुवारपर्यंत होईल ना?" मुलगी म्हणाली. "शनिवारी मोठी लाँच जाते, पण तोवर बर्फ टिकत नाही. लसी फुकट जातात."

होईल म्हणालो. दोघं गेली आणि मी घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला बसलो.

प्लग काढून ठिणगी पाहिली, ठीक होती. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून वरचं चक्र फिरवलं. धडधाकट इंजिन अंगठा उडवून लावतं. याने नुसता सुस्कारा सोडला. सिलेंडरचं झाकण, म्हणजे हेड उघडलं. पिस्टनच्या एका बाजूला, धूर जातो त्या बाजूला, चार ओरखडे. उभे, खोल, नखाने चाचपता येतील असे. पण पिस्टनचा माथा छान फिकट तपकिरी होता. तेल बरोबर असलं की तोच रंग येतो. म्हणजे जावई खरं बोलले होते. सासऱ्याने जावयाची माफी मागण्याची वेळ आली होती. ती मी आपली जाऊ दिली.

पण माथ्यावर काजळी फार होती. हे इंजिन मी पंधरा दिवसांपूर्वीच साफ केलं होतं. बेटाच्या दोन फेऱ्यांत इतकी काजळी धरत नाही. इतकी धरायला रात्रंदिवस चालवावं लागतं, तेही पूर्ण वेगात.

आणि दोरी. पंधरा दिवसांपूर्वी मीच नवी घातलेली. बाहेर ओढून पाहिली तर तिचे पीळ सुटले होते, मधे एका जागी दोनच धागे उरले होते. दोनदा ओढून दोरीची अशी गत होत नाही. शेकडो वेळा ओढावी लागते.

"दोनदा म्हणे," मी त्या दोरीला म्हणालो आणि ती कचऱ्यात टाकली.

२

सिलेंडर घेऊन पलीकडच्या गल्लीत लेथवाल्याकडे गेलो. आम्ही दोघं सोबतच म्हातारे झालो. त्याला माझ्याशी नीट बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"काय मिस्त्री, अजून जिवंत?"

"तुझं काम बघून रोज मरतो. एक नंबर वाढवून दे."

ओरखडे पडले की सिलेंडर आतून थोडा मोठा कापायचा आणि त्यात एक नंबर मोठा पिस्टन बसवायचा. असे तीन नंबर मिळतात. तिसऱ्यानंतर सिलेंडरची भिंत कागदाएवढी राहते, मग तो भंगारात.

शनिवारी दुपारी पिस्टन बसवला. रिंगा, पिन, पिनेच्या दोन्ही टोकांची कडी, गॅस्केट, सगळं नवं. पाण्याच्या पंपाचं रबर चांगलं होतं, तरी बदललं. दोरी नवी घातली. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी हेडचे बोल्ट आवळत होतो, एकाआड एक, थोडे थोडे.

"घरातल्या नळाचा वायसर सहा महिने झाले गळतोय," ती म्हणाली. "त्याला जावई असता तर बरं झालं असतं."

इंजिन पिंपावर अडकवलं. पिंपात नळाचं गोडं पाणी असतं, इंजिनाने तेच खेचून थंड राहायचं. पहिल्याच ओढीला सुरू झालं. अर्धा तास हळू चालवलं. आवाज असा गोड की बायको दारात उभी राहून ऐकत होती. बंद केलं, फडक्याने पुसलं, दुकानाला कुलूप लावलं. किल्ली कमरेलाच असते. दुसरी किल्ली नाही.

३

रविवारी सकाळी जावई यायचे होते म्हणून आधी एकदा सुरू करून पाहावं म्हटलं. दोरी ओढली. हाताला जड लागली, मग एकदम सैल. अंगठा लावून पाहिला. सुस्कारा.

माझं डोकंच फिरलं. हेड उघडलं. धुराच्या बाजूला चार उभे ओरखडे.

ये रे माझ्या मागल्या.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मी जुनाच पिस्टन परत बसवला. वय झालं, होतं असं. गेल्या महिन्यात मी चष्मा लावून चष्मा शोधत होतो, ते घरात अजून सांगितलं जातं. कचऱ्याचा डबा उपडा केला. जुना पिस्टन त्यात होता. दोन्ही शेजारी ठेवले. नवा एक नंबर मोठा, ते मापावर कळत होतं. पण ओरखडे तेच. तिसरा थोडा वाकडा, चौथा अर्ध्यातच थांबलेला. जणू एकाचा छाप दुसऱ्यावर उठवला.

हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटा काल मी धुऊन काढल्या होत्या, त्यांत बोट घातलं. पांढरा थर लागला. जिभेला लावला. मीठ.

पिंपातलं पाणी गोडं होतं. पातळी काल होती तिथेच. पेट्रोलची टाकी मी भरली होती तशीच भरलेली.

मग दोरी ओढून पाहिली. पीळ सुटलेले. दोन धागे उरलेले.

दोन्ही पिस्टन खिशात घालून लेथवाल्याकडे गेलो. त्याने भिंग लावून पाहिले. मग दोन्ही उजेडाकडे धरून ओरखड्यांवर नख फिरवलं.

"मिस्त्री, तुम्ही चेष्टा करताय का माझी?"

"रविवारी सकाळी? तुझी?"

"मग कोणीतरी तुमची करतंय." त्याने पिस्टन माझ्या हातात दिले आणि हात पॅन्टला पुसले. "दोन नंबर उद्या कापून देतो. पण बसवताना कोणाला तरी शेजारी बसवा. राग मानू नका. आपलं वय झालंय."

४

राग आला होता. तरी बसवलं कोणाला तरी. बायकोला.

सोमवारी दुपारी ती दुकानात स्टुलावर बसली, मांडीवर शिवणकाम घेऊन. मी पिस्टनच्या आत, कोणाला दिसणार नाही तिथे, पंचने तीन ठिपके मारले आणि तिला दाखवले.

"दिसले का?"

"दिसले हो. आपल्या लग्नाचा दाखला आहे का तो? मलाच दाखवताय दोनदोनदा."

सगळं तिच्यासमोर बसवलं. अर्धा तास चालवलं. मग पेट्रोलची नळी काढली, प्लग काढून तिच्या हातात दिला. प्लगशिवाय, पेट्रोलशिवाय इंजिन म्हणजे लोखंडाचा ठोकळा. तो ठोकळा मी स्टँडवर टांगला आणि आम्ही दोघं समोर बसलो, डोळ्यांत तेल घालून. उन्हाचा पट्टा दारातून आत आला, हळूहळू सरकत स्टँडपाशी पोचला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काही झालं नाही.

"एका लोखंडाकडे बघत दुपार घालवली," बायको म्हणाली. "मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा तुम्ही इतका वेळ बसला नव्हता."

तिला हसू आलं, मलाही आलं. उठून मी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला आणि चक्र एकदा फिरवलं. अंगठा टणकन उडाला. जोर भरपूर. मला इतकं बरं वाटलं की परत ठेवला. चक्र फिरवलं. अंगठा उडाला. चक्र थांबलं. अंगठा मी परत तसाच भोकावर टेकवून उभा राहिलो, नुसता. दुसरा हात बायकोकडे करून सांगत होतो, बघ, काही झालेलं नाही.

तेव्हा आतून अंगठा ओढला गेला. हळू. लहान मूल झोपेत श्वास घेतं तसा. थोडा वेळ थांबला. मग गरम हवा अंगठ्याखालून बाहेर आली.

चक्र हललं नव्हतं. मी त्याच्याकडेच बघत होतो.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही."

हेड उघडलं तेव्हा माझे हात थरथरत होते, म्हणून बोल्टही तिनेच धरले. चार ओरखडे. पिस्टन बाहेर काढून उलटा केला. आत माझे तीन ठिपके. तिनेही पाहिले. आता ती स्टँडच्या दुसऱ्या बाजूला बघत होती, दोरीच्या मुठीकडे.

मुठीवर पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. दवाखान्यात जखमेवर बांधतात ती जाळीदार पट्टी. सालपटं निघालेल्या हाताला मूठ टोचू नये म्हणून गुंडाळावी तशी, घट्ट, एकावर एक सारखे फेरे, आणि टोक आत खोचलेलं. पट्टी मळलेली होती. मधोमध तपकिरी डाग, चार बोटांचे.

बायको उठली, जवळ गेली, पण हात लावला नाही.

"ही पट्टी आपल्या पोरीने बांधलीय," ती म्हणाली.

५

मंगळवारी सकाळी दवाखान्यात गेलो. मुलगी कपाट लावत होती. पट्टी खिशात होती, ती मी बाहेर काढलीच नाही.

"तू माझ्या दुकानात आली होतीस का? इंजिनापाशी?"

"बाबा, मला इथे पाणी प्यायला वेळ नाही. का?"

"हात दाखव."

तिने हात पुढे केले. तळवे स्वच्छ. मी ते जरा जास्तच वेळ धरले असतील, कारण तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, पेशंटकडे बघते तसं.

संध्याकाळी दोघं घरी आली. आधीच ठरवून आली होती, ते कळत होतं. जावई खुर्चीच्या कडेला बसले.

"मामा, इंजिनाचं काय झालं?"

"या गुरुवारी जाऊ नका."

"काही दोष आहे का त्यात?"

"दोष असा नाही."

"दोष नाही तर बसवून द्या की."

आता यांना काय सांगणार? पिस्टन वाचता येतो मला. मी तिन्ही पिस्टन वाचले होते आणि तिन्हींवर तेच लिहिलेलं होतं: कोणीतरी हे इंजिन पूर्ण वेगात, न थांबता, रात्रंदिवस पळवलं. बेट मागे टाकून पुढे. मग ते बंद पडलं आणि मग कोणीतरी दोरी ओढत राहिलं, हाताची साल जाईपर्यंत आणि नंतरही. हे जावयांना सांगितलं असतं तर त्यांनी आदराने ऐकून घेतलं असतं. तेच मला नको होतं.

"अहो, ते नाही म्हणतायत तर राहू दे ना एक गुरुवार," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"आई, तू पण?" मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. "बाबा, बोल्ट तुम्ही आईकडून धरून घेतले म्हणे. हात कधीपासून थरथरतोय?"

"काल दुपारपासून."

"यात लाजण्यासारखं काही नाही. इंजिन आम्ही धक्क्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे देतो. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. मी डॉक्टरांशी बोलते."

दुसरा मिस्त्री. तो एक तासात जोडून देईल, वरून रंगही मारेल. आणि गुरुवारी पहाटे माझी मुलगी त्यावर बसून जाईल.

"मीच देतो," मी म्हणालो. "उद्या. पण आधी मी एकटा होडी बाहेर काढून चालवून बघणार. माझ्या हाताने चाचणी झाल्याशिवाय इंजिन दुकानाबाहेर गेलेलं नाही आणि या वेळीही जाणार नाही. चाललं तर घेऊन जा."

"नाही चाललं तर?"

"तर मी वल्हवत येईन. वल्ही आहेत."

६

तिसरा नंबर, म्हणजे या सिलेंडरातला चौथा आणि शेवटचा पिस्टन. लेथवाल्याने रात्रीत सिलेंडर कापून ठेवला होता. बुधवारी सकाळी जोडला. हात अजिबात थरथरला नाही. इंजिन पिंपावर चालवलंच नाही, थेट होडीवर लावलं, दोन्ही क्लॅम्प घट्ट केले. जावयांनी होडी ढकलून दिली.

अकरा वाजले असतील. वारा नव्हता. समुद्र ताटात पाणी ओतावं तसा सपाट, आणि सगळीकडून ऊन डोळ्यांत. इंजिन असं चाललं की चाळीस वर्षांत असं चाललेलं ऐकलं नव्हतं. मी कान लावून बसलो, कुठे खरखर, कुठे ठोका. काही नाही. थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार नीट येत होती. अर्धा तास झाला, मग एक तास. धक्का बारीक झाला. मला चीड यायला लागली. चाललं तर घेऊन जा, हे मीच बोललो होतो. आणि हे हरामखोर चालत होतं.

परत वळवण्याआधी बंद केलं. बटण दाबलं तसं मुकाट बंद झालं.

पाणी होडीच्या बाजूला लागून डुबुक डुबुक करत होतं. तेवढाच आवाज. मग दुसरा आला.

खर्र. थांबला. खर्र.

दोरीचा आवाज. दोरी ओढून सोडली की ती आत गुंडाळली जाते, त्याचा. इंजिन पकडत नाहीये तरी कोणीतरी ओढतंय. दोन ओढींमध्ये जेवढा वेळ जात होता तो थकलेल्या माणसाचा होता. ओढायचं, टेकायचं, दम घ्यायचा, परत मूठ पकडायची. मी सगळीकडे पाहिलं. उन्हाच्या झळाळीत काही दिसेना. कोणीतरी अडकलंय, एवढं मात्र नक्की. दुसरी होडी असेल. आमच्या इथे सतरा होड्या आहेत.

"कोण आहे?" मी ओरडलो. "थांबा, ओढू नका! प्लग ओला झाला असेल!"

आवाज थांबला.

"बाबा?"

जवळून आलं. दहा हातांवरून. आवाजात भीती नव्हती, रडणं नव्हतं. घशाला कोरड पडलेली होती आणि ती माझ्यावर वैतागलेली होती, लहानपणी शाळेतून आणायला उशीर झाला की असायची तशी.

"किती उशीर केलात बाबा. इंजिन आणलंत का?"

मी हातांनी डोळ्यांवर आडोसा केला. झळाळीत एक होडीची कड दिसली. तिच्यावर पत्र्याचं ठिगळ होतं, सहा खिळ्यांचं. ते मीच मारलं होतं. मी खाली पाहिलं, माझ्या डाव्या गुडघ्यापाशी, आतून. तेच ठिगळ होतं. मी ज्या होडीत बसलो होतो तीच होडी समोर होती.

कडेवर एक हात टेकलेला होता. तळवा पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. बोटं काळी पडली होती, उन्हाने की कशाने, मला नाही माहीत. मी हाताच्या वर पाहिलं नाही. मान वर करायची तेवढीच होती. केली नाही. तो हात पुरेसा होता. करंगळी जरा आत वळलेली, जन्मापासून तशी आहे तिची.

माझी मुलगी त्या वेळी दवाखान्यात होती. सकाळी मी स्वतः तिला आत जाताना पाहिलं होतं. हे मला माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. ती तिथे असेल तर इथे कोण आहे, हा विचार नंतरचा. आधी एवढंच कळत होतं की पोर पाण्यात अडकली आहे, तिचं इंजिन बंद पडलंय आणि माझं धडधाकट आहे.

"आणलंय," मी म्हणालो. "हो, आणलंय. थांब."

पेट्रोलची नळी काढली. टाकी पुढे सरकवली. क्लॅम्प सैल केले, आधी डावा, मग उजवा. सत्तावीस किलो. या वयात ते उचलायचं म्हणजे कंबर जाते, पण छातीशी धरून उठलो आणि होडीच्या कडेवर टेकवलं. होडी तिरपी झाली. डोळे खाली, पाण्याकडे.

"धरलंस?"

"धरलंय," जावयांचा आवाज आला. बारीक, झोपेतल्यासारखा. "सोडा मामा."

सोडलं.

पाणी वाजलं नाही. वजन माझ्या हातातून दुसऱ्या हातांत जावं तसं गेलं, आधी अर्धं, मग सगळं. माझी होडी उसळून सरळ झाली. मी टाकीही तशीच पुढे केली. तीही घेतली गेली. एक बोट माझ्या मनगटाला लागलं. गार होतं आणि कोरडं.

क्लॅम्प आवळल्याचा आवाज आला. नळी बसवल्याचा. कोणीतरी दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन पकडलं.

मला वाटलं होतं, आता ती घरी जातील. धक्का माझ्या पाठीशी होता. इंजिनाचा आवाज समोर गेला, उघड्या समुद्राकडे. पूर्ण वेगात.

"अगं, इकडे!" मी ओरडलो. "घर इकडे आहे! वळवा!"

आवाज लहान होत गेला. गोड, एकसारखा, कुठेही न अडखळता. मी चांगलं जोडलं होतं.

७

वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते आणि तोंड सोडून आलेल्या पाण्याकडे. त्यामुळे परत येताना सगळा वेळ मला तिकडेच बघत बसायचं होतं. थोडा वेळ बघितलं. मग डोळे मिटले आणि नुसतं वल्हवलं. दर दहा वल्ह्यांनी एकदा मान वळवून धक्क्याचा अंदाज घ्यायचा, परत डोळे मिटायचे.

जावयांना काय सांगायचं ते ठरवत होतो. क्लॅम्प सैल राहिले, इंजिन पाण्यात पडलं, माझी चूक. चाळीस वर्षांचा मिस्त्री आणि क्लॅम्प सैल ठेवतो. लेथवाला हसणार नाही आणि ते जास्त वाईट. दुकानाची किल्ली मुलगी काढून घेईल, हळूच, डॉक्टरांचं नाव सांगून. घेऊ दे. इंजिन नाही म्हणजे उद्याचा गुरुवार नाही. नवं येईपर्यंत शनिवारची लाँच आहे, तिला चार खलाशी आहेत, दोन इंजिनं आहेत. लसी फुकट गेल्या तर गेल्या.

पण मग त्या दोघांना मी का दिलं, हे मला सांगता आलं नसतं. अजून येत नाही. दुसरं काय करणार होतो?

हात सोलवटले. दोन तास झाले असतील की तीन. मान वळवायचीही ताकद राहिली नाही, तेव्हा तेही बंद केलं. डोळे मिटलेले. वल्हं पाण्यात, वल्हं बाहेर.

"बाबा!"

पाठीमागून आली हाक. जवळून. वैतागलेली.

"किती उशीर, बाबा! इंजिन कुठे आहे?"

मी वळलो नाही. डोळेही उघडले नाहीत. उजवं वल्हं काढलं, उभं धरलं आणि हळूहळू पाण्यात खाली सोडलं, कोपरापर्यंत हात भिजला तरी सोडत राहिलो.

टोकाला वाळू लागली. दाबून पाहिली. घट्ट होती. तळ फक्त धक्क्यापाशी लागतो.

मग वळलो.